माक्याचं तेल आणि आईची गोळी

आई दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जाते. गेल्या वर्षी अशीच एकदा ती परत आली आणि पदर माझ्यासमोर धरून उभी राहिली. पांढऱ्या सुतावर तिचे केस चिकटले होते, मांडीवरून मांजर उठून गेल्यावर चिकटतात तसे.

"बघ बाई, पुढं बसायची लाज वाटून राह्यली. हे कशानं व्हतंय?"

मी जालन्यात एका शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टी मिळाली की अंबड तालुक्यातल्या आमच्या साखर कारखान्याच्या वस्तीत आईकडे येते. आमच्या नात्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे घरात एक रीतच पडून गेली आहे. विजेचं बिल जास्त का आलं, शेळी का खात नाही, काहीही असो, मला विचारायचं आणि मी सांगेन ते खरं धरायचं. "पोरगी म्हणली" एवढ्यावर विषय संपतो. ज्या माणसांनी मला शिकवलं त्यांच्या उपयोगी पडते आहे, असं मला वाटायचं. "माहीत नाही" हे शब्द त्या घरात माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत.

म्हणून त्या दिवशीही मी लगेच म्हणाले, "काजळीनं अन् बोअरच्या पाण्यानं."

वस्तीत केसांची कुठलीही तक्रार काजळीवरच जाते. उसाचं गाळप सुरू झालं की धुराड्यातून उडालेले काळे कण वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात, कुरड्यांवर बसतात, मग डोक्यावर का बसणार नाहीत? मी त्या जुन्या समजुतीला फक्त क्षार, मुळं, छिद्रं असे शब्द जोडले. आईचा चेहरा उजळला. कारण सापडलं म्हणजे उपायही सापडणार.

उपाय मी मन लावून केला, हे मात्र खरं. जुन्या जालन्यातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी आणली. रात्री लोखंडी कढईत भिजत घालायची, सकाळी उकळायची, जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यातून गाळायची. तेलासाठी पाटाच्या कडेचा ओला माका उपटून आणला. पांढऱ्या बारक्या फुलांचा, कुस्करला की हातावर काळा डाग पडतो तो. त्याचा रस, कढीपत्ता, जास्वंदीची फुलं आणि थोडी मेथी खोबरेल तेलात मंद आचेवर कढवली. रसातलं पाणी जळेपर्यंत तेल तडतडतं. तडतड थांबली की उतरवायचं. पहिल्या घाण्याला मी घाई केली, तेलात पाणी राहिलं आणि त्याला आंबूस वास आला. दुसरा बरोबर जमला. हिरवटकाळं, सुगंधी तेल झालं.

दर सुट्टीला आई माझ्या पुढ्यात पाय पसरून बसायची आणि मी तिच्या डोक्याला तेल लावायची. ते सुख मी कसं नाकारू? लहानपणी ती मला अशीच घेऊन बसायची. पण त्याच वेळी माझ्या बोटांना तिची कातडी कोरडी लागत होती. तिचा आवाज जाड झाला होता. दुपारी ती बसल्या बसल्या पेंगायची. चैत्र लागला तरी अंगातला स्वेटर काढत नव्हती. मी हे सगळं पाहिलं, आणि प्रत्येक वेळी तेलात कढीपत्ता थोडा वाढवला.

शेवटी तिचा आवाज फोनवर ओळखूच येईना, तेव्हा घसा दाखवायला म्हणून तिला जालन्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घसा पाहिला, मग पापण्या पाहिल्या, पायावर बोट दाबून पाहिलं. केस कधीपासून गळतात विचारलं. रक्त तपासलं, थायरॉईड निघालं.

"इतके महिने काही केलं नाही?" डॉक्टर म्हणाले.

"केलं की," आई अभिमानाने म्हणाली. "माझी पोरगी करत व्हती नं उपचार. शिकलेली हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते कागदावर औषध लिहायला लागले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

रोज पहाटे उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली. दिवाळीपर्यंत आईचा आवाज मोकळा झाला, कपाळाच्या कडेला बारीक नवे केस उगवले. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तर ओट्यावर शेजारची काकू रिकामी बाटली घेऊन बसलेली.

"आली का डॉक्टरीण!" काकू म्हणाली. "तुझ्या मायनं सारी वस्ती तेलाला लावली बघ. माझ्याबी टकलावर रान उगवू दे."

"तुझ्या टकलाला तेल न्हाई, खत लागंल," आई म्हणाली. दोघी हसल्या. मीही हसले. मग आई बाटलीत तेल ओतता ओतता सहज बोलली, "गोळ्या तर म्या महिना झाला बंद केल्या. एवढा गुण तेलात असल्यावर रोज कशाला पोटात औषध घालायचं?"

मी पिशवी खाली ठेवली.

"आई, केस गोळीनं आले. तेलानं न्हाई."

"असं कसं? तूच म्हणली व्हती."

"द्यायचं नसंल तर तसं सांग बाई," काकू बाटली मागे घेत म्हणाली. "तेलाला कशाला नावं ठेवती?"

"काकू, तेल न्या. खुशाल लावा, केस मऊ राहतील. पण आईचा आजार त्यानं गेला न्हाई."

आई माझ्याकडे वळली. "मंग तवा माझ्याशी खोटं बोलली व्हती का?"

खोटं बोलले असं म्हणणं मला सोपं गेलं असतं. आईने तेही पोटात घातलं असतं.

"न्हाई. मला माहीतच नव्हतं, आई. माहीत नसताना सांगितलं."

आईने बाटलीला बूच लावलं, काकूच्या हातात दिली आणि आत निघून गेली. मी ओट्यावरच बसून राहिले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. संध्याकाळी तिने माझ्या आवडीचं पिठलं केलं, जेवायला वाढलं, पण तिने मला काहीच विचारलं नाही. बिल नाही, शेळी नाही.

पहाटे तिला जाग आली तेव्हा मी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन तिच्या अंथरुणाशी बसले होते. तिने गोळी तळहातावर घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"हे तरी तुला बराबर माहीत हाय का?"

"न्हाई," मी म्हणाले. "डॉक्टरला माहीत हाय. मध्ये बंद केली, त्यामुळं रक्त पुन्हा तपासायला लागंल का, तेबी त्यांनाच विचारू. आजच जाऊ."

तिने गोळी तोंडात टाकली आणि पेला रिकामा करून माझ्या हातात दिला.

"चहा आत्ताच मागू नको," ती म्हणाली. "गोळी घेतल्यावर थांबावं लागतं. तवर डोक्याला तेल लाव. एसटीत केस उडतात."