बाबा, हा माग नाही

दसरा झाला आणि आमचा गेमिंग कन्सोल दर दहा मिनिटांनी आपोआप बंद पडायला लागला. मी कॉम्प्युटरवर पोट भरणारा, म्हणजे घरातला सर्वज्ञ. मी प्लग बदलला, वायर बदलली, परदेशी तज्ज्ञांचे तासन्‌तास व्हिडिओ पाहिले आणि शेवटी करी रोडच्या आमच्या टॉवरच्या विजेला शिव्या घातल्या. गिरणीत मागावर आयुष्य काढलेले बाबा पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "अरे, एकदा उघडून तर बघ." मी दयाळूपणे समजावलं, "बाबा, हा माग नाही."

शेवटी चिंचपोकळीच्या रिपेअरवाल्याने तो उघडला. आतल्या पंख्यातून त्याने चिमट्याने कुंकवाने लाल झालेले तांदूळ एकेक करून काढले. "साहेब, यात पुलाव लावता काय?" पंखा अडकल्यामुळे मशीन तापत होतं आणि बिचारं स्वतःच बंद होत होतं.

दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा दरवर्षी बाबा करतात. यंदा कन्सोलची मी केली होती. स्टेटसला फोटो टाकायचा म्हणून मूठभर अक्षता थेट वरच्या जाळीवर ओतल्या होत्या.

घरी येऊन मी हे सगळं जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं. बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

"आम्हीपण मागाला अक्षता वाहायचो. पण चौकटीवर. फिरत्या भागात टाकण्याइतकं शिकलेलं आमच्या खात्यात कुणी नव्हतं."