कपाळ गार लागलं की

दवाखान्याच्या बेसिनपाशी सई हात धूत होती. बोटांच्या भेगांतून रक्त येत होतं, तरी थांबत नव्हती. महिन्यापूर्वी हीच पोरगी चिखलाचे हात फ्रॉकला पुसायची.

"बस कर गं," तिची आई, म्हणजे माझी धाकटी जाऊ, रडायला लागली.

"रडून काय होणार? आत चल," मी म्हटलं.

घरी मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या होत्या. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, नाटकं आहेत. डॉक्टरांनी मात्र विचारलं, "याआधी घसा दुखत होता?"

"हो. ताप उतरला म्हणून औषध थांबवलं," जाऊ म्हणाली.

"घशातल्या जंतूंशी लढताना शरीर कधीकधी चुकून मेंदूलाच त्रास देतं, मग मूल एकाएकी असं हात धूत राहतं. तसंच असेल असं नाही. आधी तपासू."

आपण सगळ्याच बायका मुलाचा ताप हातानं पाहतो. कपाळ गार लागलं की बाटली फडताळात जाते. कपाळाच्या आत काय चाललंय, ते हाताला कळत नाही.

"पहिल्यासारखी होईल ना?" जावेनं विचारलं.

"बरीच मुलं होतात."

तिनं डोळे पुसले. 'बरीच' म्हणजे सगळी नव्हेत, हे मी तिला सांगितलं नाही.