आमेन कुणाच्या प्रार्थनेला?

आमच्या बुधवारच्या घरसभेचे किस्से सांगायला बसलं, की एकातून दुसरा निघत जातो. सगळे संपले असं वाटून चहाचे कप उचलायला लागावं, तर कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो राहिलाच की." हसून हसून पुरेवाट होते. मग एकदम सगळे गप्प होतात, कारण ते दिवस काही हसण्याचे नव्हते.

ऐंशीच्या दशकातलं मुलुंड. गिरण्यांचा संप होऊन गेला होता आणि आता आमच्या बाजूच्या कंपन्यांची वाट लागायला सुरुवात झाली होती. आज ह्या गेटला टाळं, उद्या त्या. आम्ही आठ-दहा मराठी ख्रिस्ती कुटुंबं दर बुधवारी संध्याकाळी एकेकाच्या घरी जमायचो. दोन गाणी, थोडं वाचन, मग कुणी आपली अडचण सांगितली, म्हणजे विषय दिला, तर त्यासाठी प्रार्थना, मग चहा. मी बँकेत नवा लागलो होतो आणि सभेचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हणजे सतरंज्या आणि पेटी एका घरातून दुसऱ्या घरात पोचवणारा. मला मोठ्यानं प्रार्थना करणं कधी जमलं नाही. ऐकायला मात्र मजा यायची.

\* \* \*

सगळ्यात लांब प्रार्थना इस्राएल मास्तरांची. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून रिटायर झालेले. मागणं मागण्याआधी ते देवाला सगळ्या बातम्या सांगत.

"हे प्रभू, तुला ठाऊकच आहे, की पाच रस्त्याकडच्या बिल्डिंगींना गुरुवारपासून पाणी नाही. तुला हेही ठाऊक आहे, की आम्ही वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला. तो अर्ज कुणाच्या टेबलावर पडलाय, हेही तुला ठाऊक आहे..."

आमच्या चर्चचे पाळकसाहेब नगरकडचे, वयानं तरुण, सायकलवर फिरणारे. त्यांनी डोळे मिटलेल्या अवस्थेतच हळू आवाजात सांगितलं, "मास्तर, त्याला ठाऊक नसलेलं काही असेल, तर तेवढं सांगा."

मास्तर जरा थांबले, विचार केला आणि म्हणाले, "आमेन."

\* \* \*

शांतवन साळवे आमच्यातले सगळ्यात उत्साही. कंपनीत टर्नर होते. आवाज खणखणीत, गाणं त्यांनीच उचलायचं. त्यांच्या कंपनीला टाळं लागलं तरी ते रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जाऊन बसत. बाकीचे कामगारही तिथंच असत. राहेलवहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे अजिबात पसंत नव्हतं. त्या एका प्रसूतिगृहात आया होत्या आणि घर आता त्यांच्याच पगारावर होतं. ह्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं.

त्या बुधवारी साखळी प्रार्थना होती. सगळ्यांनी हात धरून गोल बसायचं, एकाची प्रार्थना झाली की त्यानं शेजारच्याचा हात दाबायचा आणि पुढच्यानं सुरू करायचं. वहिनींची पाळी आली.

"प्रभू, बंद गेटवर बसून काही होत नाही, हे समजण्याची बुद्धी आमच्या घरात दे."

त्यांनी हात दाबला. शेजारी शांतवनभाऊच होते.

"प्रभू, घरी बसूनही काही होत नाही, हे तू सगळ्यांना समजावून दे."

खोलीत कुणी डोळे उघडले नाहीत. आम्ही सगळे ओठ आवळून बसलो होतो. शेवटी पाळकसाहेबच म्हणाले, "मी आमेन कुणाच्या प्रार्थनेला म्हणू, तेवढं सांगा."

घरी जाताना दोघं बोलत बोलत गेले. म्हणजे भांडत गेले, पण एकमेकांशी.

\* \* \*

टाळ्याला चार-पाच महिने झाले आणि सभा साळव्यांच्या घरी घ्यायची पाळी आली. एवढ्या माणसांचा चहा म्हणजे दूध आलं, साखर आली. पाळी चुकवा म्हणून सांगितलं असतं तर त्यांना लागलं असतं. मग पाळकसाहेबांचं आणि आम्हा तिघांचं आधीच ठरलं.

वहिनींनी चहा ठेवल्याबरोबर मास्तर म्हणाले, "मला बिनसाखरेचा. डॉक्टरनं बंद केलीय." पाळकसाहेब म्हणाले, "मलाही. शुगर निघाली." मी म्हणालो, "मलासुद्धा." माझं वय तेव्हा पंचविशीच्या आत. आमचे पेटीवाले तर आणखी पुढे गेले, त्यांनी दूधही नको म्हणून सांगितलं.

राहेलवहिनी साखरेचा डबा हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. एकेकाकडे नीट बघितलं.

"एका आठवड्यात चौघांना झाली? मग प्रार्थनेत विषय का नाही दिलात?"

त्या आत गेल्या आणि त्यांनी आम्हाला असा काही गोड चहा पाजला, की मास्तरांचं तोंड घरी जाईपर्यंत चिकट होतं. नंतर कळलं, आत गेल्यावर वहिनी रडल्या होत्या.

\* \* \*

साळव्यांच्या शेजारी दत्ताराम परब राहायचे. मालवणकडचे, गिरणीत फिटर होते, संपानंतर त्यांना परत घेतलंच नाही. मिळेल ते काम करायचे. भिंतीपलीकडून शांतवनभाऊंची गाणी ऐकून ऐकून एक दिवस ते सभेला येऊन दाराजवळ बसले. पाळकसाहेबांनी पुढे बोलावलं तर म्हणाले, "माका हयच बरा. तुमच्या देवाक माझो नमस्कार सांगा." तेव्हापासून दर बुधवारी यायचे. त्यांना कुणी का येता म्हणून विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

एकदा साखळी प्रार्थनेत कुणीतरी चुकून त्यांचा हात दाबला. दत्तारामनी घसा साफ केला आणि गावच्या देवळात घालतात तसं सरळ गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या ठिकाणी ही सगळी लेकरां जमली आसत. ह्या शांतवनाची कंपनी बंद पडली आसा. ता गेट उघडून दी, आणि तेच्या पोराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा..."

आणि सवयीनं ते थांबले. गाऱ्हाण्यात तिथं बाकीच्यांनी साथ द्यायची असते. मग आमचे इस्राएल मास्तर, मिशनच्या शाळेत वाढलेले, एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "व्हय म्हाराजा!" की त्यांच्यामागून आम्ही सगळेच म्हणालो.

झाल्यावर मास्तर ओशाळले. पाळकसाहेबांकडे बघून म्हणाले, "तोंडातून निघून गेलं हो." पाळकसाहेब म्हणाले, "बरोबरच आहे की. आमेनचा अर्थ तोच."

\* \* \*

गेट उघडावं म्हणून आम्ही दर बुधवारी प्रार्थना करत होतो. एका बुधवारी पेटीवाले धापा टाकत आले. "उघडलं! मी बसमधून बघितलं, गेट सताड उघडं आहे." बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही उभं राहून उपकारस्तुतीचं गाणं म्हटलं. शांतवनभाऊ अजून यायचे होते, ते आले की त्यांना पुढे बसवायचं ठरलं.

ते आले ते दारातच बसले, दत्तारामच्या शेजारी. कंपनीतली मशिनं काढून ट्रकमध्ये भरली जात होती. कुठंतरी गुजरातकडे निघाली होती. त्यांचं लेथ मशीन त्यांनी स्वतः जाताना बघितलं होतं.

"उघडलं गेट," ते म्हणाले. "बाहेरून आत की आतून बाहेर, ते सांगायला आपण विसरलो."

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "मला ह्याचं उत्तर येत नाही. आपण नुसते बसू." आम्ही बसलो. नुसते, गाणं नाही, काही नाही. पुष्कळ प्रवचनं मी पुढे ऐकली, पण धीर आला तो त्या बसण्यानं. तो माणूस खोटं बोलला नाही, ह्याचाच आधार वाटला.

\* \* \*

आता साळव्यांपुढे प्रश्न होता मुंबईत राहायचं की नगरकडे गावी जायचं. भाऊ बोलावत होता. पण मोठी मुलगी मार्था जूनमध्ये दहावीत जाणार होती. देवाचा कौल घ्यावा म्हणून शांतवनभाऊंनी डोळे मिटून बायबल उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पाळकसाहेबांना असले प्रकार आवडत नसत, म्हणून त्यांनी सभेत भीतभीतच सांगितलं.

"नुसती नावं निघाली हो. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला. पानभर तेच. ह्यातून मी काय समजायचं?"

वहिनी मागून म्हणाल्या, "आपल्याला पोरं झालीयत, एवढं समजा."

मग ठरलं, की मे संपेपर्यंत काम मिळालं तर मुंबई, नाही तर मार्थाचा दाखला काढून गाव. शांतवनभाऊ त्या दिवसापासून एकच मागायचे, "प्रभू, माझ्याशी एकदा स्पष्ट बोल. तू सांगशील ते मी करीन."

\* \* \*

आता शेवटचा.

मे संपत आला होता. शांतवनभाऊंनी विषय दिला, "उद्या एका ठिकाणी बोलावलंय, एकच जागा आहे. प्रार्थना करा." कुठं ते सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. हाताशी आलेलं काम आधी बोलून दाखवायचं नाही, असं तेव्हा सगळेच पाळायचे. तेवढ्यात दाराजवळून दत्ताराम म्हणाले, "माझोपण एक विषय घेशात? माकापण उद्या कामाक बोलावल्यानी आसा." आजवर त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. पाळकसाहेबांनी विचारलं, "दत्तारामभाऊंसाठी कोण प्रार्थना करेल?"

"मी करतो," शांतवनभाऊ म्हणाले, आणि त्यांनी केली. स्वतःसाठीसुद्धा त्यांनी इतक्या कळवळ्यानं कधी मागितलं नसेल. "प्रभू, उद्या हा माझा भाऊ ज्या दारात उभा राहील, तिथं ती जागा त्यालाच दे. त्याच्या आड कुणाला येऊ देऊ नकोस. कुणालाही नाही." आम्ही सगळे आमेन म्हणालो. दत्ताराम व्हय म्हाराजा म्हणाले.

पुढच्या बुधवारी दत्तारामना काम लागल्याचं कळलं होतं. शांतवनभाऊंचं झालं नव्हतं. तिथं आधीच माणूस घेतला होता, असं त्यांनी घरी सांगितलं होतं आणि राहेलवहिनींनी गावी जायची बांधाबांध सुरू केली होती. पाळकसाहेबांनी दत्तारामना साक्ष द्यायला सांगितलं. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. दत्ताराम उभे राहिले, पण त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता.

"साकीनाक्याक एक वर्कशॉप आसा, हेल्पराची एक जागा होती. मी थय गेलंय, तर भायल्या बाकड्यार ह्ये साळवे बसलेले. मी म्हटलंय, ‘तुमी हय?’ माझ्याकडे बघीतच रवले. मगे म्हणाले, ‘तुझ्यासोबत आलोय, एकटा घाबरशील.’ माका बरा वाटला."

"दत्ताराम, बस खाली," शांतवनभाऊ म्हणाले.

"बसतंय. सांगान बसतंय. भितरसून एक माणूस इलो, तेणा हाक मारल्यान, ‘शांतवन साळवे!’ ह्ये गप. परत हाक मारल्यान. तर ह्ये तेका सांगतत, ‘ते आले नाहीत. पुढचं नाव घ्या.’ पुढला नाव माझा होता."

दत्ताराम शांतवनभाऊंकडे वळले.

"मी सांगूक उठलंय, तर हेंनी माझो हात दाबून धरल्यानी. घरात माझी पोरां आसत, साहेब. मी भितर गेलंय. पण तेव्हापासना घास उतरणा नाय."

सगळ्यांनी राहेलवहिनींकडे पाहिलं. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं. शांतवनभाऊ खाली सतरंजीकडे बघत होते. पाळकसाहेब म्हणाले, "शांतवनभाऊ, प्रार्थना करता?"

"त्यांना नका सांगू," वहिनी म्हणाल्या. "आज मी करते."

त्यांनी डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले. मग, इतक्या वर्षांत आम्ही कधी ऐकलं नव्हतं ते नवऱ्याचं नाव घेऊन त्या म्हणाल्या,

"प्रभू, शांतवन साळवे आले होते. आमेन."