हौदाजवळची तीन झाडं

गावात तिला सगळे दोरीबाई म्हणत, पण तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. गुरांच्या कुरणात इमारती लाकडाची झाडं लावायची असली की आखणीला तीच हवी. काखेत खुंट्यांची पिशवी, खांद्यावर दोरीचं वेटोळं आणि राग नाकाच्या शेंड्यावर. ऊन कुठून कुठे फिरतं ते पाहून ती ओळी टाकायची. झाडं मोठी झाली तरी मधल्या गवताला ऊन मिळालं पाहिजे, आणि पुढे तोडताना झाड मोकळ्यात पडलं पाहिजे, शेजारच्या झाडावर नाही. मालकाने मध्ये तोंड घातलं की ती मुकाट्याने दोरी गुंडाळायला लागायची. मग मालक गप्प बसायचा.

तिचा एक नियम म्हणजे दगडावरची रेघ. पाण्याच्या हौदाजवळ झाड लावायचं नाही. तिथे गुरं गोळा होतात, माती तुडवून फरशीसारखी घट्ट करतात, बुंध्याला अंग घासून साल काढतात. त्या जखमेतून लाकूड कुजत जातं. वर पानं हिरवीगार आणि बुंधा आतून पोकळ.

हा नियम तिने एकदाच मोडला, तोही पाठच्या भावासाठी. आई गेल्यावर त्याला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. एरवी ताई म्हणेल ती पूर्व दिशा. पण घरच्या कुरणाची आखणी निघाली तेव्हा तो हौदाशी अडून बसला.

"ताई, गुरं भर उन्हात पाणी पितात गं. इथे तीन झाडं दे. बाकी सगळं तुझ्या मनासारखं."

"कुजतील."

"कुजेपर्यंत आपण म्हातारे होऊ. जगाच्या गुरांना सावली देतेस, माझ्या गाईंनी तुझं काय घोडं मारलंय?"

तिला हसू आवरेना. तिने तीन खुंट्या ठोकल्या.

झाडं झपाट्याने वाढली. भाऊ रोज दुपारी त्यांच्या सावलीत पाठ टेकायचा. मग एका उन्हाळ्याच्या तोंडावर तिने सहज कुऱ्हाडीच्या दांड्याने बुंधे ठोकून पाहिले. तिन्हींतून रिकाम्या पिंपासारखा आवाज आला.

"तोडून टाकू या," ती भावाला म्हणाली.

"एवढा उन्हाळा जाऊ दे. बघ की, पान न् पान हिरवं आहे."

दुसरा कोणी असता तर तिने त्याला सळो की पळो करून सोडलं असतं. भावापुढे तिची जीभ रेटली नाही. "बरं," एवढंच ती म्हणाली.

तो उन्हाळा सरता सरता एका दुपारी वारा सुटला. फार मोठाही नव्हता. झाड करकरलं तसा भाऊ खालची गुरं हाकायला धावला. गाई निघाल्या, तो कोसळत्या झाडाखाली सापडला.

लोक म्हणाले, वाऱ्यापुढे कोणाचं काय चालतं! दोरीबाईने तोंडात मिठाची गुळणी धरली. भावजय रडायची ती तिच्याच गळ्यात पडून, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. उरलेली दोन झाडं तिने मुळापासून काढवली.

पुढच्या लागवडीला ती घरच्या कुरणात ओळींतल्या मोकळ्या जागा भरायला दोरी ताणत होती. भावजय एक रोप घेऊन आली.

"ताई, हे हौदाशी लावा. तिथेच बसायचे ना ते. त्यांची आठवण राहील."

दोरीबाईने रोप हातात घेतलं. 'बरं' म्हणणं किती सोपं होतं!

"इथे नको," ती म्हणाली.

"का?"

"हौदाजवळचं झाड कुजतं. लावतानाही मला माहीत होतं. ती तिन्ही झाडं पोकळ झाली होती, तेही मला कळलं होतं."

"मग तोडली का नाहीत?"

"त्याने नको म्हटलं. परका असता तर ऐकलं नसतं मी. भाऊ होता."

भावजयीने तिच्या हातातलं रोप परत घेतलं आणि ती घराकडे चालू लागली.

दोघी अजून एकाच घरात राहतात. पण त्या दिवसापासून भावजयीने तिला ताई म्हटलेलं नाही. गावासारखंच दोरीबाई म्हणते, आणि तोंडावर म्हणते.