मेघनचा घोटा

आमच्या मैदानावरच्या बास्केटबॉल स्पर्धेची अंतिम फेरी तीन सामन्यांची. दोन झाले, बरोबरी झाली. आज समोरच्या संघातला उंच मेघन घोटा मुरगळून बाकावर बसलेला, म्हणजे आम्ही जिंकल्यातच जमा! पण दोन्ही सामने मेघनला चिकटून राहिलेला आमचा संजू आज बावचळला. मेघनच्या जागी आलेला बुटका गडी त्याच्या बगलेखालून सटकत होता. पाय मेघनचा दुखावला आणि लंगडतोय संजू, हे कसं? एखाद्याला अडवता अडवता माणूस त्याच्याच मापाचा होत जातो की काय?

मध्यंतरात संजू थेट मेघनजवळ जाऊन बसला.

"उतर ना रे."

"डॉक्टर नको म्हणालेत. तू खेळ की."

"कुणाशी?" संजू म्हणाला.