हातात पाणी देणाऱ्या बाई

नाशिकमधून बाहेर पडणारा एकही रस्ता असा उरलेला नाही, ज्यावर आमच्या बाईंनी मला दमवलेलं नाही. पेठ रस्ता, त्र्यंबक रस्ता, दिंडोरी रस्ता, गंगापूर धरणाकडचा रस्ता आणि द्राक्षबागांमधले दोन-तीन बिननावाचे कच्चे रस्ते, या सगळ्यांवर मी भल्या पहाटे डोळ्यांत झोप आणि स्कूटरच्या डिकीत पाण्याच्या बाटल्या घेऊन हिंडलो आहे. मी गणिताचा मास्तर. निवृत्त झाल्यावर सकाळी आठपर्यंत झोपायचं, एवढा एकच बेत मी आखला होता. निरोपसमारंभ आटोपून, शाल आणि नारळ सांभाळत मी शाळेच्या फाटकाशी आलो, तर बाई उभ्याच होत्या. स्कूटर चालते ना, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मग उद्या पाचला या, असं सांगून त्या निघून गेल्या. त्याला आता आठ वर्षं झाली. माझी झोप अजून पुरी व्हायची आहे.

बाई म्हणजे आमच्या मुलींच्या शाळेतल्या पी.टी.च्या बाई. त्यांना नाव आहे, पण ते फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. मूळच्या निफाडकडच्या, उंच, काटक, आणि आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला त्यांनी 'सावधान' म्हटलं की या टोकाला स्टाफरूममध्ये आमचे चहाचे कप आपोआप खाली जात. गळ्यातली शिट्टी त्या लग्नकार्यातही काढत नाहीत. पैठणीवर मोत्यांच्या सराशेजारी ती खुशाल लटकत असते. माणूस भेटला की त्या आधी त्याच्या पायांकडे बघतात आणि मग, वेळ उरला तर, तोंडाकडे. माझ्या पुतण्याच्या लग्नात सप्तपदी चालू असताना त्या माझ्याकडे वाकून म्हणाल्या की मुलगी पंधराशे मीटर सहज काढेल, मुलगा मात्र टाचा आपटतो. माझ्याविषयी त्यांचं मत पहिल्याच भेटीत ठरलं होतं. "सर, तुमचा डावा पाय कामचुकार आहे," असं त्यांनी मला सगळ्या स्टाफसमोर सांगितलं होतं. हाडांच्या डॉक्टरला तेच सांगायला पुढे पंधरा वर्षं आणि तीन एक्सरे लागले.

त्यांना भीती म्हणून कशाची नाही. एकदा लांब पळण्याच्या सरावातल्या मुलींना घेऊन शहर ओलांडायचं होतं. द्वारकेचा चौक ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको, तिथे पायी माणसाला रस्ता ओलांडायचा तर घरी निरोप ठेवून निघावं लागतं. बाई चौकाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, एक हात वर केला आणि शिट्टी फुंकली. विंचूरकडून कांदा भरून आलेला ट्रक जागच्या जागी थांबला, त्याच्यामागे दोन एसट्या थांबल्या, रिक्षावालेसुद्धा थांबले. अकरा मुली रांगेत पळत पलीकडे गेल्या आणि सर्वांत शेवटी मी, मान खाली घालून स्कूटर ढकलत. ट्रक ड्रायव्हरने मला विचारलं की मॅडम कोणत्या खात्याच्या. मी शिक्षण खात्याच्या म्हणालो, तेव्हा तो मला लय जपून राहायला सांगून गेला. घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्या ड्रायव्हरला एका मिनिटात कळलं ते तुम्हाला अजून कळत नाही.

तर त्या अकरा मुलींतली एक सुरगाण्याकडची होती. बारकी, सावळी, बोलायला पैसे पडतात अशा बेताने बोलणारी. कुठल्याशा शालेय स्पर्धेत बाईंनी तिचे पाय पाहिले आणि तिच्या आईवडिलांना भेटायला त्या थेट डोंगरातल्या पाड्यावर जाऊन धडकल्या. दिवस उन्हाळ्याचे होते. विहीर खाली दरीत. ही पोर डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर कळशी घेऊन चढ चढत होती, आणि रिकाम्या हाताने मागून येणाऱ्या बाईंना तिला गाठता येईना. वर पोचल्यावर तिने त्याच पाण्यातला तांब्या भरून आधी बाईंना दिला, मग बापाला, मग भावांना. स्वतः प्यायलीच नाही, पुन्हा खाली निघाली. बाई हे सांगताना दर वेळी इथे थांबतात. मुलगी वसतिगृहात आली त्या दिवशी त्यांनी मला नियम सांगितला: "सर, हिने आजवर सगळ्यांना पाणी दिलंय. आपल्या रस्त्यावर हिला हातात पाणी मिळालं पाहिजे. हिने थांबायचं नाही, वळायचं नाही, मागायचंसुद्धा नाही."

झालं, माझ्या कामाला तेव्हापासून स्वरूप आलं. दर पाच किलोमीटरला मी पुढे जाऊन स्कूटर लावायची, नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पातळ पेजेची बाटली झाकण उघडून डाव्या हातात धरायची, आणि ती जवळ आली की माझ्या कामचुकार पायासकट तिच्याबरोबर दहा पावलं पळायचं. ती मान न वळवता फक्त उजवा हात बाजूला करायची, तळवा वर, आणि मी बाटली त्यात ठेवायचो. सहा-सात वर्षांत एकदाही बाटली खाली पडली नाही. गणितात मला जे यश मिळालं नाही ते मला या कामात मिळालं, हे मी कबूल करतो. इथल्या शर्यतींमध्येही कडेला उभी राहिलेली पोरं ग्लास हातातच देतात, त्यामुळे कधी काही अडलं नाही. बाईंच्या घरीसुद्धा ती पाणी प्यायला उठली तर बाई तिला खाली बसवत आणि स्वतः माठाकडे जात. आम्हा दोघांनाही यात आपण काही चांगलं करतोय असंच वाटत होतं.

पोर पळत गेली. तालुका, जिल्हा, राज्य, देश, आणि गेल्या वर्षी परदेशातल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतल्या महिलांच्या मॅरेथॉनमध्ये तिची निवड झाली. बाई पेढे वाटायच्या भानगडीत पडल्या नाहीत. तिला निरोप देताना पदक आण, नाव काढ, असलंही काही म्हणाल्या नाहीत. बेचाळीस किलोमीटर पुरे कर, एवढंच म्हणाल्या. मी मात्र मनातल्या मनात वेळेची गणितं मांडत होतो आणि सगळी तिच्या बाजूने सुटत होती.

शर्यत आपल्याकडे सकाळी टीव्हीवर दिसली. मी आणि बायको बाईंच्या घरी जाऊन बसलो. बाई अर्थातच उभ्या. परदेशातलं ते शहर भट्टीसारखं तापलं होतं, निवेदक पुन्हा पुन्हा उकाड्याचंच बोलत होता. कॅमेरा पुढच्या सात-आठ जणींना सोडायला तयार नव्हता. आमची सुरुवातीला दोन सेकंद दिसली तेवढीच. मग पंधरा किलोमीटरच्या आसपास पाण्याची टेबलं आली. तिथे ज्याची त्याची बाटली खूण करून टेबलावर ठेवलेली असते, आणि पळता पळता आपली आपण ओळखून उचलायची असते. देशाच्या संघाच्या शिबिरात हे तिला सांगितलं असणारच, आणि तिने मान हलवली असणार. मान हलवणं तिला लहानपणापासून चांगलं येतं. चुकून कॅमेरा तिथेच रेंगाळला. वीस-पंचवीस हात टेबलावर पडत होते. आमची कडेला दिसली. तिने वेग कमी केला, घाईतल्या दोघींना आधी जाऊ दिलं, आणि मग टेबलाकडे न बघता उजवा हात बाजूला केला. तळवा वर. टेबल मागे गेलं तरी तो हात क्षणभर तसाच होता.

"सर, ती तुमच्याकडे हात करतेय," बाई म्हणाल्या.

तो हात नेमका माझ्या खांद्याच्या बेताने धरलेला होता, हे जगात फक्त मलाच कळण्यासारखं होतं. त्यानंतर ती दिसलीच नाही. पहिलीने रेषा ओलांडली, झेंडा अंगावर घेतला, रडली, हसली, मग जाहिराती लागल्या आणि मग दुसराच कार्यक्रम. बायकोने मोबाइलवर निकाल काढला. आमच्या पोरीच्या नावापुढे वेळ नव्हती. बायकोने फोन उलटा करून मांडीवर ठेवला, आणि बाईंना जे कळायचं ते कळलं.

संध्याकाळी पोरीचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला, कदाचित एकटीने ऐकायचा धीर नव्हता. पोर म्हणाली, "बाई, मी सोडलं. पस्तीसच्या पुढं पाय नाय उचलले. पाणी तीनदा घावलंच नाय मला."

ज्या बाईंनी सर्दीने बसलेल्या मुलीलासुद्धा कधी दया दाखवली नाही, त्या आता काय बोलतील म्हणून मी घाबरलो होतो. बाई म्हणाल्या, "चूक तुझी नाही गं. आम्ही तुला उचलायला शिकवलंच नाही." फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फार केलं हो मी तिच्यासाठी, जरा जास्तच केलं, असं काहीसं पुटपुटल्या. मला त्यांचं सांत्वन करता आलं नाही, कारण त्या पापात निम्मा वाटा माझा होता. घरी परतताना स्कूटर हातात जड लागत होती. मी आयुष्यभर पोरांची बेरीज चुकलेली पकडली, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या हातातून रोज जात होती ती मला दिसली नाही.

ती परत आल्यावर बाईंनी मंडपवाल्याकडून एक घडीचं टेबल आणलं. पेठ रस्त्याच्या कडेला ते मांडलं, त्यावर एकसारख्या पंधरा बाटल्या ठेवल्या, तिच्या बाटलीला लाल फीत बांधली आणि मला दहा फूट लांब उभं राहायला सांगितलं. हात मागे, अशी आज्ञा. येणारे-जाणारे थांबून बघत. एका मोठ्या गाडीतल्या चौघांना ते वाइन चाखायचं दुकान वाटलं, आणि टेस्टिंग फुकट आहे का असं त्यांनी विचारलं. बाईंनी त्यांना आधी पंधरा किलोमीटर पळून यायला सांगितलं. पहिल्या आठवड्यात बाटल्या रस्ताभर लोळल्या. कधी दुसरीच उचलली जाई, कधी सगळं टेबल आडवं होई. पोर दर वेळी आधी माझ्याकडे बघायची आणि बाई ओरडायच्या की सर तिथे नाहीतच असं समज. मी नसल्यासारखा उभा राहायचो. इतकी वर्षं पहाटे उठून एवढा थकवा मला कधी आला नव्हता.

महिन्याभराने तिला जमलं. वेग न मोडता, मान न वळवता, लाल फितीची बाटली झडप घालून उचलायची आणि पुढे जायची. सलग दहा दिवस एकही चूक झाली नाही. अकराव्या दिवशी बाईंनी मला सांगितलं की आता डिकीत बाटल्या आणायची गरज नाही, तुम्ही आला नाहीत तरी चालेल. हेच वाक्य ऐकायला मी आठ वर्षं थांबलो होतो. ते ऐकून मला अजिबात बरं वाटलं नाही.

तेवढ्यात पोर पळणं संपवून आली, कमरेवर हात ठेवून आमच्यासमोर उभी राहिली. आमचं बोलणं तिने ऐकलं असावं. आयुष्यात पहिल्यांदा तिने काही मागितलं. "बाई, शर्यतीत मी घेईन माझं मी उचलून," ती म्हणाली. "पण हितं हातातच द्या."

बाईंनी तिला सरावात बोलू नकोस, श्वास मोडतो, असं खेकसून सांगितलं. सराव तर केव्हाच संपला होता. मग त्या टेबलाची घडी घालायला वळल्या आणि ती घडी त्यांना काही केल्या जमेना. मी पुढे होऊन मदत केली नाही, पोरीनेही केली नाही. आम्ही दोघं रस्त्याकडे बघत उभे राहिलो, बाईंचं होईपर्यंत.