तिसऱ्या खणातल्या गोट्या

आठवीचा पदार्थाचा धडा आमच्या शाळेत बारा वर्षं माझा होता. त्यासाठी मी एक लाकडी पेटी करून घेतली होती. वर काच, आत तीन खण. पहिल्या खणात गोट्या ठासून भरलेल्या, पेटी हलवली तरी जागच्या जागी थरथरणाऱ्या, हा स्थायू. दुसऱ्यात थोडी मोकळीक, गोट्या एकमेकींना घासत सरकायच्या, हा द्रव. तिसऱ्यात पाच-सहाच, पण मोठ्या, काचेवर आपटत सैरावैरा पळणाऱ्या, हा वायू. सगळं जग बारीक कणांचं आहे आणि ते कण कधी स्वस्थ बसत नाहीत, हे पोरांना त्या पेटीमुळे दोन मिनिटांत पटायचं.

तिसऱ्या खणातल्या गोट्या मोठ्या असण्याचं कारण अगदी साधं होतं. शहागंजातल्या दुकानात त्या दिवशी लहान संपल्या. "छोटे खतम हो गए सर, बडे ले जाव," दुकानदार म्हणाला आणि मी घेतल्या. पुढे वर्गात एका पोराने विचारलं, "सर, ह्या मोठ्या का?" मी न अडखळता सांगून टाकलं, "तापलं की कण फुगतो." उत्तर मला इतकं आवडलं की दर वर्षी कुणी न विचारताही मी ते देऊ लागलो.

माझी मुलगी पाचवीत असताना मी पेटी घरी आणली होती. ती तासभर हलवत बसली आणि शेवटी म्हणाली, "पप्पा, तुम्हाला सगळं येतं." त्या एका वाक्यावर मी तीन वर्षं जगलो. ती आठवीत येईल, माझ्या वर्गात पुढच्या बाकावर बसेल आणि मी सगळ्यांसमोर ती पेटी उघडेन, असं मी मनात ठरवून ठेवलं होतं.

ती आठवीत आली आणि त्याच जूनमध्ये शाळेत एक नवीन सर रुजू झाले. वय अठ्ठावीस, गंगापूरकडच्या मेंढपाळ घरातले, घरात नोकरीला लागलेले पहिलेच. मुख्याध्यापकांनी आठवी त्यांना दिली आणि मला नववी-दहावी. "बढतीच समजा," असंही वर म्हणाले. मी हसलो, पण आतून माझा तिळपापड झाला.

धडा सुरू झाला त्या दिवशी जेवताना मुलगी भाकरी हातात धरून बोलतच सुटली. "पप्पा, आज आम्ही मेंढ्या झालो होतो! सरांनी मैदानावर चुन्याचा चौकोन आखला, भोवती दोरी बांधली. त्यात आम्ही सगळे दाटीवाटीनं उभे. पाय उचलायचा नाय, जागेवरच हलायचं. वाघरीतल्या मेंढ्या म्हंजे स्थायू."

"वाघर काय असते माहीत आहे का तुला?"

"जाळी. मेंढ्यांभोवती लावतात ती. मग सरांनी दोरी सोडली, आम्ही एकमेकांना घासत पाण्यावर निघालो, तो द्रव. अन् मग माळावर मोकळं सोडलं. लई पळालो! तो वायू." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "सरांना लई येतं."

बायकोने माझ्या ताटाकडे पाहिलं. "आमटी तिखट झाली का? तोंड कशानं झालं असं?"

आमटी तिखट झाली नव्हती. मला हेवा वाटत होता, आणि तो कसला हे मला चांगलं ठाऊक होतं. देवगाव रंगारीला आमच्या वडिलांच्या रानात दर उन्हाळ्यात खतासाठी मेंढ्या बसायच्या. मेंढपाळ बांधावर उभे राहून वडिलांना विचारायचे, कुठल्या तुकड्यात बसवू, पाटील? त्यांच्यातल्याच एकाच्या नातवाने माझा वर्ग, माझा धडा आणि माझ्या मुलीचं ते वाक्य घ्यावं, हे मला सहन होत नव्हतं. असा विचार मनात आला याची लाज वाटली, पण तो मी घालवलाही नाही.

मग मला एक गोष्ट आठवली. भर दुपारी मेंढ्या पांगत नाहीत, उलट गोळा होतात. एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घालून अख्खा कळप एका जागी थिजतो. लहानपणी बांधावरून मी हे कितीदा पाहिलं होतं. तापवलं की कण लांब जातात, आणि तापलं की मेंढ्या जवळ येतात! म्हणजे सरांचं उदाहरण साफ चुकीचं. मी ही चूक आठवडाभर मनात जपून ठेवली.

संधी आयती आली. आमच्या केंद्रातल्या शाळांची शिक्षण परिषद आमच्याकडे होती आणि आदर्श पाठ म्हणून त्यांचाच धडा निवडला गेला. तीसेक शिक्षक मैदानाच्या कडेला खुर्च्यांवर बसले. पोरं मेंढ्या झाली, पळाली, टाळ्या पडल्या. प्रश्नांची वेळ आली तसा मी उठलो.

"सर, एक शंका. उन्हात मेंढ्या पांगतात की गोळा होतात?"

आवाज मी मुद्दाम गोड ठेवला होता. त्यांचा चेहरा पडायची मी वाट पाहत होतो. तर ते खुलले. "व्हय सर, बरोबर! गोळा होतात. तुम्ही बघितलंय की!" मग पोरांकडे वळून म्हणाले, "सांगा, मेंढी कुठं चुकते?"

सगळ्यात आधी माझी मुलगी उभी राहिली. "मेंढीला ऊन लागतं, म्हणून ती सावली शोधते. कणाला जीव नसतो, त्याला काही वाटत नाही. तापवलं की तो फक्त जास्त जोरात पळतो." एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, पुढे काही तरी होतं. पण ती खाली बसली.

शेजारच्या खुर्चीवरचे शिक्षक माझ्याकडे झुकले. "तुमचीच ना पोरगी? बापावर गेलीय."

घरी जाताना ती स्कूटीवर माझ्या मागे बसली होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी विचारलं, "पुढं काय बोलणार होतीस?"

"काही नाय."

"सांग."

"सरांनी तुमची पेटी पण वर्गात दाखवली. आम्ही वहीत लिहिलंय. मेंढ्या कुठं चुकतात अन् गोट्या कुठं चुकतात." ती माझ्या कानाशी वाकली. "कण फुगत नाय, पप्पा. तेवढाच राहतो. जोरात पळतो म्हणून जागा जास्त लागते. तिसऱ्या खणात पण लहानच गोट्या पाहिजेत."

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. बारा वर्षांत शिकवलेली सगळी पोरं माझ्या डोळ्यांसमोरून गेली. मीच त्यांना वहीत लिहायला लावलं होतं, कण फुगतो.

"मग तिथं का नाही बोललीस?"

"सरांनी आधीच सांगितलं होतं. पाहुण्यांसमोर पेटीचं काढायचं नाय. म्हणाले, पेटी लई भारी आहे, पप्पांना घरी निवांत सांग."

म्हणजे मी त्यांची चूक आठवडाभर जपत होतो तेव्हा ते माझी झाकत होते. त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं, हे मी दातओठ खात का होईना, पचवलं असतं. ते माझ्यापेक्षा चांगले आहेत हे पचवणं मात्र फार जड गेलं. आजही जातं.

त्या रविवारी मी शहागंजात जाऊन सहा लहान गोट्या आणल्या. शाळेतून पेटी मी आदल्या दिवशीच घरी आणली होती. मुलीसमोर काच सरकवून तिसरा खण रिकामा केला, नव्या गोट्या टाकल्या आणि पेटी तिच्या हातात दिली. तिने ती कानाशी धरून जोरजोरात हलवली. मी पाचवीतल्या त्या वाक्याची वाट पाहत होतो.

"आता एकदम बरोबर," ती म्हणाली. "उद्या सरांना दाखवू?"

"दाखव," मी म्हणालो.